रस्ता सोडलेलं इंजिन

मोटारगाडी एकदम मरत नाही. आधी पत्रा कुजतो, मग दारं लोंबायला लागतात, गाद्यांतून काथ्या डोकावतो आणि एखाद्या पावसाळ्यात चासीलाच तडा गेला, की मालक तिला भंगारवाल्याच्या हवाली करतो. ह्या सगळ्यात इंजिनाची चौकशी कोणी केलेली नसते. ते बापडं पुष्कळदा चांगलं धडधाकट असतं. रिंगा बदलल्या, बेअरिंगं नवी घातली, व्हॉल्व्ह घासून बसवले, की आणखी काही वर्षं राबायची त्याची तयारी असते. मग एखादा हिकमती माणूस त्याला उचलून आणतो आणि पिठाच्या गिरणीला, कडबा-कुट्टीला नाहीतर विहिरीवरच्या पंपाला जुंपतो.

तलमडुगूला माझ्या मामांनी असंच एक इंजिन गिरणीला जुंपलं होतं. अंबॅसडर मोटारीचं, डिझेलवरचं. सुट्टीत आजोळी गेलो की माझा मुक्काम त्या गिरणीतच असे. त्यामुळे त्या इंजिनाची बरीचशी कुळकथा मला तोंडपाठ आहे.

तलमडुगू हे आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. रान कापसाचं, ज्वारीचं, तुरीचं, अलीकडे सोयाबीनचं. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाचा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके नि इस्लापूरचा भाग मराठी मुलखाकडे गेला. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आला. राज्यं बदलली, पाट्या बदलल्या, माणसं होती तिथंच राहिली. घरात ती भाकरी म्हणतात, बाजारात जोन्न रोट्टे म्हणतात, आणि दोन्ही चुलीवर एकाच पिठाच्या होतात. पीठ जिथं दळायचं तिला आपण गिरणी म्हणतो, तिकडचे तेलुगू लोकही 'गिर्नी'च म्हणतात. आपला हा एक शब्द त्यांनी विनातक्रार घरात घेतला आहे.

ज्वारी खाणाऱ्या घराला गिरणी बंद राहून चालत नाही. गव्हाचं पीठ महिनाभर डब्यात राहील. पण ज्वारीचं पीठ जुनं झालं, की भाकरी थापताना कडा तुटतात आणि चवही उतरते. म्हणून बाया आठवड्याला पायली-दोन पायली दळून नेतात. मामांची गिरणी विजेवर होती, आणि नव्वदच्या दशकात खेड्यातली वीज मोठी लहरी होती. गिरणीच्या मोटरीला तिन्ही फेज लागतात. त्या ठरलेल्या काही तासांतच यायच्या, तेही कधी मध्यरात्री. बाया डोक्यावर डबे घेऊन यायच्या, ओट्यावर बसून राहायच्या आणि तिन्हीसांजेला तसेच डबे घेऊन परत जायच्या. मामांना ते बघवत नसे. शिवाय घर चालायचं ते दळणाच्या पैशावर.

नवं डिझेल इंजिन घ्यायची ऐपत नव्हती. तेवढ्यात आदिलाबादला एका टॅक्सीवाल्याची अंबॅसडर निकालात निघाल्याचं मामांच्या कानावर आलं. हिंदुस्थान मोटर्सची ही गाडी डिझेलवर मिळू लागली ती १९८० च्या सुमारास. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्यांना तिनं फार हात दिला, कारण डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं. ह्या गाडीचा पत्रा गेला होता. इंजिन मात्र बरं होतं. मामांनी इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट, असा सगळा संच वजनावर घेतला आणि बैलगाडीत घालून गावात आणला. ही गोष्ट १९९५ सालची.

जोडणीला तीन माणसं होती. आदिलाबादचा मिस्त्री दखनी बोलणारा, गावचा सुतार तेलुगू, मामा मराठी. इंजिनाच्या भागांची नावं इंग्रजी, आणि ती तिघांनी आपापल्या परीनं मोडून घेतलेली. मात्र मापाची भाषा तिघांची एक होती, इंच आणि सूत. 'दोन सूत' म्हटलं की कोणाला भाषांतर लागत नव्हतं.

जुन्या मोटारींची ठेवण ह्या कामाला फार सोयीची होती. इंजिन पुढे, त्याला सरळ रेषेत गिअरबॉक्स, तिथून शाफ्ट मागच्या चाकांकडे. शाफ्ट आखूड करून दोन बेअरिंगांच्या ठोकळ्यांवर ठेवला आणि टोकाला पुली बसवली, की चाकाकडे जाणारी ताकद पट्ट्यावर येते. क्लच तसाच राहू दिला. इंजिन आधी मोकळं चालू करायचं आणि मग हळूहळू भार द्यायचा, ही सोय त्यानं झाली. पायातल्या क्लचला सुतारानं लाकडी दांडा लावून तो हातात आणला. गिअरही ठेवले. चौथ्या गिअरला इंजिनाच्या जितक्या फेऱ्या तितक्याच शाफ्टच्या. ती चाल गिरणीची. तिसऱ्याला शाफ्ट सावकाश फिरे. ती चाल कडबा-कुट्टीची.

पुलीचं गणित मामांनी मला वहीच्या पाठीवर करून दाखवलं होतं. विजेची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्या फिरायची. तिच्यावर ६ इंची पुली, गिरणीवर १५ इंची. १४४० गुणिले ६, भागिले १५; गिरणीचा दगड ५७६ फेऱ्या फिरायचा. इंजिनावर तीच ६ इंची पुली बसवली आणि इंजिन १५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवलं, तर दगड ६०० फिरतो. म्हणजे गिरणीला हात लावायचं कारणच नाही. पूर्ण वेगात चाळिशीच्या आसपास अश्वशक्ती देणारं हे इंजिन इतक्या कमी फेऱ्यांवर निम्म्याहूनही कमी देतं. पण गिरणीला तेवढी पुरे होते आणि इंजिन जास्त दिवस टिकतं. फिरण्याची दिशा उलटी आली, तेव्हा मामांनी पट्ट्याला फुलीसारखा पीळ दिला. पट्टा पुलीवरून घसरू नये म्हणून पुलीला मधे किंचित पोट असावं लागतं, हेही मला तिथंच कळलं. पट्टा नेहमी उंच भागाकडे सरकतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो. गिरणीत वारा कसला, पिठाची धूळ आणि कडब्याचा भुसा. जाळी दोन दिवसांत बुजायची. म्हणून रेडिएटर काढून बाहेर चौथऱ्यावर दोनशे लिटरचा पिंप ठेवला. तापलेलं पाणी वरच्या नळीनं पिंपात जाई, निवलेलं तळाच्या नळीनं इंजिनात येई. सायलेन्सरचा नळ भिंतीतून बाहेर काढून छपराच्या वर नेला, म्हणजे धूर आत कोंडायला नको.

आता हे सगळं पहिल्यांदा मामांनाच सुचलं असं नाही. अमेरिकेत १९०८ पासून १९२७ पर्यंत फोर्डची मॉडेल टी गाडी निघत होती. तिकडचे शेतकरी तिचं मागचं चाक जॅकवर उचलायचे, चाकाला पट्टा लावायचे आणि त्यावर लाकूड कापायचे, धान्य दळायचे, धुलाईयंत्रसुद्धा चालवायचे. दुसरं महायुद्ध संपल्यावर विलीजची जीप १९४५ मध्ये सर्वसाधारण गिऱ्हाइकासाठी निघाली, तेव्हा तिच्या इंजिनावर शेतीची यंत्रं चालवायची जोडणीही कंपनी देऊ करत होती. त्याच वंशातल्या जीपा पुढे महिंद्रांनी आपल्याकडे बांधल्या. उत्तरेत ह्याच्या उलटा खेळ झाला; तिथं पाण्याच्या पंपाचं इंजिन लाकडी गाडीवर बसवून लोकांनी 'जुगाड' नावाचं वाहन रस्त्यावर आणलं.

आणि आपल्या मराठी मुलखाचा ह्या विषयाशी जुना संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानानं, आणि पहिल्यावहिल्या यंत्रांत त्यांनी बनवलं ते कडबा कापायचं यंत्र. त्यानंतर लोखंडी नांगर. १९१० साली ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स निघाली आणि एका जागी बसून काम करणारं इंजिन शेतकऱ्याच्या बांधावर आलं. सरहद्दीवरच्याच एका गावात हा उद्योग जन्मला, ह्याचा आम्हां सीमाभागातल्या मराठी माणसांना उगीच अभिमान वाटतो.

पण जागेवर बसायला जन्मलेल्या इंजिनात आणि मोटारीच्या इंजिनात एक मोठा फरक आहे. तो मामांना पहिल्याच दिवशी कळला. नारळ फोडला, इंजिन चालू केलं, पट्टा चढवला, ज्वारी ओतली. दाणा दगडात गेला तशी इंजिनाची चाल पडली. मामांनी डिझेल वाढवलं. चाल सुधारली. दोन मिनिटांनी डब्यातली ज्वारी संपली, भार एकदम उतरला आणि इंजिन जे सुटलं, दगड शिट्टी घालू लागला, छपराची कौलं थरथरली. मिस्त्रीनं धाव घेऊन डिझेल तोडलं. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "सेठ, गाडी में तो ड्रायवर का पाँव रहता. यहाँ पाँव किसका?"

मला वाटतं, ह्या सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा प्रश्न हाच होता. चढ आला की ड्रायव्हर पाय दाबतो, उतार आला की उचलतो. डिझेल मोटारीच्या पंपातही वेगावर लगाम असतो; पण बहुतेक गाड्यांत त्याचं लक्ष दोन टोकांवर असतं, इंजिन बंद पडू नये आणि मर्यादेबाहेर पळू नये. मधलं सगळं ड्रायव्हरच्या पायावर सोपवलेलं. मामांच्या पंपातला तो लगामही जुना होऊन सैल पडला होता. गिरणीच्या, पंपाच्या इंजिनाला मात्र पक्का गव्हर्नर असतो. जेम्स वॉटनं १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन फिरते गोळे लावले. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफ कमी करतात. वेग पडला की आत येतात आणि वाफ वाढवतात. डिझेल इंजिनातही तीच युक्ती चालते.

मामांनी पंपसेटच्या भंगारातून असा एक गव्हर्नर आणून साखळीनं जोडून पाहिला. तो चालला, पण धड नाही. वेग वाढे, मग नको इतका पडे, परत वाढे. झोक्यावर बसल्यासारखं पीठ पडायचं, एक मूठ बारीक तर एक मूठ भरड. आठवडाभरानं तो काढून कोपऱ्यात ठेवला. मग सायकलच्या ब्रेकची तार घेतली, डिझेलच्या दांडीला बांधली आणि तारेचं दुसरं टोक दाणे ओतायच्या पेटीजवळ आणून तिथं एक मूठ बसवली. पेटीजवळ मामी बसायच्या.

मामी यवतमाळकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता; गिरणीवर बसूनच शिकल्या. मराठी बाया त्यांना वहिनी म्हणायच्या, तेलुगू बाया अक्का. "अक्का, मेत्तगा," असं म्हणत कोणी बारीक दळायला सांगे, तर कोणी लापशीपुरतं जाडं. मामी डाव्या हातानं दाण्याची झडप सांभाळायच्या आणि उजव्या हातानं ती मूठ. डोळे गिऱ्हाइकाकडे, तोंडानं बोलणं चालू आणि कान इंजिनावर. दाणा संपायच्या जरासा आधी आवाज हलका होतो. तो हलका झाला की त्यांची मूठ ढिली व्हायची, इंजिन सुटायच्या आतच. ओली ज्वारी दगडात गेली की आवाज घोगरा होतो. पिंपातलं पाणी कमी झालं तर तेही त्या आवाजावरून ओळखायच्या आणि पोरांना पिटाळायच्या, "पाय रे बापू, पाणी कुठवर आलं ते."

आणखी एक गोष्ट त्यांनी अगदी सुरुवातीलाच करून घेतली. उघडा पट्टा आणि बाईचा पदर ह्यांचं वैर असतं. गिरण्यांमधून असे अपघात कितीदा तरी झाले आहेत. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी कठडा झाल्याशिवाय आपण तिथं बसणार नाही, असं त्यांनी मामांना बजावलं. कठडा दुसऱ्या दिवशी झाला. पोरांना त्याच्या आत जायची बंदी होती आणि ती मामी डोळ्यांनी पाळून घ्यायच्या.

गावात त्या गिरणीला 'कारु गिर्नी' असं नाव पडलं. वीज असो नसो, दळण होणार, अशी तिची ख्याती झाली. शेजारच्या गावांतून लोक इंजिन बघायला यायचे. पांढरकवड्याकडचे पाहुणे आले तरी मामा त्यांना आधी गिरणीत न्यायचे. पाहुणे पिंपाला हात लावून बघायचे, पुलीचं गणित विचारायचे, मामांच्या डोक्याची तारीफ करायचे. मामी तिथंच बसलेल्या असायच्या. त्यांना कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. माझ्या मामेबहिणीच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या धंद्यापुढे 'गिरणी' असं होतं आणि आईच्या पुढे 'घरकाम'.

एकदा मामी भावाच्या घरच्या लग्नाला बारा दिवस माहेरी गेल्या. मामा स्वतः मुठीवर बसले. पहिल्या दिवशी दगड दोनदा सुटला. तिसऱ्या दिवशी झटक्यानं पट्टा उतरला. पाचव्या दिवशी बाया पीठ चिमटीत धरून बघायला लागल्या आणि शेजारच्या गावाला दळण नेऊ लागल्या. सहाव्या दिवशी मामांनी माहेरी निरोप धाडला, "इंजिन बरं आहे. तुम्ही या." घरात हा निरोप पुढे कित्येक वर्षं चेष्टेचा विषय होता. मामाही हसायचे. पण त्या दिवसानंतर पाहुण्यांना गिरणी दाखवताना ते एवढं तरी म्हणू लागले, "इंजिन मी बसवलं, चालवते ती."

ह्या चालवण्याची किंमत काय पडली ते फार उशिरा समजलं. डिझेल इंजिनाचा ठोका, दगडाची घरघर, पट्ट्याचा फटकारा, हे सगळं रोज सात-आठ तास, हाताच्या अंतरावर. सतत ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काम केलं तर कान हळूहळू निकामी होतात, हे आता सगळीकडे मान्य आहे. दोन माणसांना शेजारी उभं राहून ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज त्या मर्यादेच्या आसपास आहे असं समजावं. मामांच्या गिरणीत आम्ही सगळेच ओरडून बोलत होतो. कोणीतरी मामींना सांगितलं, कानात बोळे घाला. कापसाच्या जिल्ह्यात बोळ्याला काय तोटा! पण मामींनी ते मानलं नाही. "बोळा घातला तर इंजन कसं आयकू येईन?" असं त्या म्हणायच्या. साध्या कापसानं फारसा बचाव झालाही नसता. पण त्यांचं कारण वेगळं होतं आणि त्यांच्या परीनं ते बरोबर होतं. ज्या कानावर गिरणी चालत होती, तो बंद करून बसणं त्यांना जमणारं नव्हतं.

मामेबहीण त्या दळणावर शिकली. आदिलाबादला इंटर केलं, पुढे शिक्षिका झाली. विजेचे दिवसही बदलले. २००४ साली आंध्रात शेतीपंपांची वीज मोफत झाली, तरी तास मोजकेच होते. तेलंगण झाल्यावर पुरवठा सुधारला आणि १ जानेवारी २०१८ पासून शेतीलाही चोवीस तास वीज मिळू लागली. मामांचं इंजिन त्याआधीच हळूहळू मागे पडलं होतं. विजेच्या मोटरीला मुठीवर हात लागत नाही. भार चढो उतरो, ती आपली १४४० च्या जवळपास फिरत राहते. मामा गेल्यावर दोन वर्षांनी बहिणीनं इंजिन भंगारात दिलं. १५ इंची पुली अजून गिरणीवर आहे.

आता कोणी नव्या गाडीचं इंजिन असं जुंपायला निघाला तर त्याला जड जाईल. १९८३ मध्ये मारुती आली तेव्हापासून छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसू लागलं, पुढचीच चाकं फिरवू लागलं. सरळ शाफ्टला पुली लावायची सोय गेली. पुढे डिझेल किती सोडायचं हे ठरवणारा कॉम्प्युटर आला. गाडीपासून वेगळं केलं की ते इंजिन किल्लीलासुद्धा ओळख देत नाही. जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून मोडणीची अधिकृत केंद्रंही निघाली आहेत. म्हणजे मामांसारख्यांची कारागिरी आता आठवणीतच राहणार. आपल्या भागात असं इंजिन कोणाच्या अंगणात अजून चालत असेल, तर पुलीचं माप जरूर लिहून ठेवावं. आणि मुठीवर कोण बसतं, त्याचं किंवा तिचं नावही लिहावं. त्या माणसाचे कान एकदा तपासून घ्यावेत.

मामी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, उजव्यानं जास्तच कमी. मागच्या वर्षी श्रवणयंत्रासाठी अर्ज भरायचा होता. बहीण लिहीत होती, मी शेजारी बसलो होतो. नाव झालं, वय झालं. 'व्यवसाय' असं आलं तिथं बहिणीनं सवयीनं 'घरकाम' लिहायला घेतलं. मामी कागदावर वाकून बघत होत्या. त्यांनी तिचा हात धरला.

"घरकाम नको लिहू," त्या म्हणाल्या, "वीस वर्षं इंजन चालवलं म्हणून लिही."

बहिणीनं तसंच लिहिलं.